पापडाच्या डब्यातला हेडफोन

माझा हेडफोन पापडाच्या डब्यात राहायचा, आणि मग पापड कुठे ठेवायचे हा आईचा प्रश्न होता. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत घट्ट झाकणाचा डबा तेवढा एकच. तो मी बळकावला. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

मी तेव्हा पंख्या-रेडिओत बसतात त्या कंडेन्सरच्या कारखान्यात कामाला होते. केसाहून पातळ प्लास्टिकची फिल्म दिवसभर गुंडाळायची, पहिली पाळी. आमच्या टेस्टिंगचे साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांनी कपाटातून एक जुना परदेशी हेडफोन आणि त्याची जड पेटी काढून माझ्यासमोर ठेवली. हेडफोनचा डावा कान मेलेला होता. "आतली फिल्म गेलीय. या कारखान्यात फिल्म तुझ्याइतकी कुणाच्या हातात बसलेली नाही. बघ काय जमतं का," म्हणाले. बाकीच्यांना त्यांनी पेढा दिला, मला हे दिलं.

साध्या हेडफोनमध्ये लोहचुंबक असतो. यात तो नाही. भोकाभोकांचे दोन पत्रे, त्यांच्या मध्ये दुधावरच्या सायीसारखी फिल्म, आणि तिला पेटीतून दोन-अडीचशे व्होल्ट. करंट नावापुरता असतो, हे मी आईला दहादा सांगितलं. तिने आकडा तेवढा लक्षात ठेवला आणि देवापुढे दिवा लावला.

रिळाच्या शेवटची फुकट जाणारी फिल्म मी विचारून घरी आणली आणि भरतकामाच्या रिंगवर ताणली. एकसुद्धा सुरकुती चालत नाही. मग पेन्सिलीचं शिसं किसून कापसाने त्यावर चोळायचं, कारण नुसत्या प्लास्टिकवर वीज पसरत नाही. रिंग बघून चाळीतल्या बायका खूश. पोरगी एकदाची बायकी कामाला लागली! तीन फिल्म फाटल्या. चौथी बसली.

रेडिओच्या स्पीकरच्या तारा सोडवून मी पेटीला जोडल्या. संध्याकाळचे सहा वाजले होते, कुणी बाई गायला बसली होती. सूर लागायच्या आधी तिने घेतलेला श्वास मला ऐकू आला. तानपुऱ्याच्या तारेवरून बोट सुटतं तेही. मी ओक्साबोक्शी रडले आणि त्याच दिवशी ठरवलं की रोज सहा ते सात हा तास माझा. बाकीचे तेवीस तास ज्यांना हवेत त्यांनी घ्यावेत.

तास ठरवणं सोपं होतं. चाळीत मॅट्रिक झालेली मुलगी मी एकटी, त्यामुळे मनीऑर्डरचा फॉर्म माझ्याकडे, रेशनकार्डात नाव चढवायचं ते माझ्याकडे, गावाहून आलेलं पत्र वाचायचं तेही माझ्याकडेच. सहाला मी डोक्यावर हेडफोनची पट्टी चढवली की दारात कुणीतरी उभं. आठवडाभर मी रोज उठले. आठव्या दिवशी समोरच्या काकू फॉर्म घेऊन आल्या तेव्हा आई पोळपाट सोडून दारात गेली आणि म्हणाली, "तिका आयकाक येणा नाय गो. तासाभरान ये."

आईला वाटत होतं की मला ते ऐकू गेलं नाही. पण या हेडफोनचे पत्रे दोन्ही बाजूंनी उघडे असतात. आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं. कुकरची शिट्टी, नळावरचं भांडण आणि आईचं ते खोटं, सगळं मला गाण्याच्या जोडीने ऐकू यायचं. हे मी तिला कधीच सांगितलं नाही. माझ्यासाठी या घरात कुणी पहिल्यांदाच खोटं बोलत होतं, ते मला मोडायचं नव्हतं.

पावसाळ्यात या यंत्राची वाट लागते. फिल्मला दमट हवा लागली की कानात भजी तळल्यासारखा आवाज येतो आणि मग एकेक बाजू बसत जाते. म्हणून डब्यात सिलिका जेलची पुरचुंडी. खडे कोरडे असले की निळे, ओल धरली की गुलाबी. गुलाबी झाले की एका जुन्या, टाकून दिलेल्या तव्यावर भाजायचे, पुन्हा निळे होतात. जून ते सप्टेंबर हे काम मी दर चौथ्या दिवशी करायचे, आणि आई नाक मुरडून बघत राहायची.

वर्षभरात आईचं खोटं चाळ ओलांडून गेलं. त्या काळी कमी ऐकू येणाऱ्यांचं मशीन म्हणजे खिशात डबी आणि तिथून कानापर्यंत वायर. माझीही पेटी, माझीही वायर. लोकांनी हिशेब जुळवून टाकला. ऐन ऑगस्टमध्ये बोरिवलीचं एक स्थळ सांगून आलं आणि ते आणणाऱ्या माझ्या मामीने आईला बाजूला घेऊन विचारलं, मुलगी बहिरी आहे ती गोष्ट खरी का?

आईचा चेहरा उतरला. मुलाकडचे बघायला यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ती म्हणाली, "ती पेटी माळ्यार टाक. माझ्या तोंडाक हाड नाय, माझा चुकला. त्यांनी विचारल्यानी तर सांग, आयकाक येता." माळा गळत होता. तिथे एक रात्र काढली असती तर हेडफोन कायमचा गेला असता. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पेटी टेबलावरच राहिली.

रविवारी ते चौघं आले. मुलगा, त्याची आई, त्याचे काका-काकू. मी पोह्यांच्या बश्या मांडत असताना काकांनी माझ्या पाठीमागे स्टीलचा पेला मुद्दाम खाली पाडला. माझा पारा चढला. मी वळले नाही. समोर बसलेल्या काकूंनी मुलाच्या आईकडे बघितलं.

मुलाची आई माझ्या आईला म्हणाली, "स्पष्ट विचारते हं, राग मानू नका. मुलीला ऐकायला येत नाही, असं तुम्ही स्वतःच सांगता म्हणे."

आईने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी "येतं" म्हणाले असते तर आई सगळ्या चाळीसमोर खोटारडी ठरली असती आणि सोमवारी सहाला दारात रांग लागली असती. मला स्थळ गेलं तरी चालणार होतं. तास जाऊन चालणार नव्हता.

"आई बरोबर सांगते," मी म्हटलं. "रोज संध्याकाळी सहा ते सात मला ऐकायला येत नाही. लग्नानंतरही येणार नाही."

मुलगा खुदकन हसला. त्याची आई हसली नाही. "आमच्याकडे हाक मारली की सून उठली पाहिजे," ती म्हणाली.

"मग तुम्ही चांगल्या कानांची बघा," मी म्हटलं, आणि काकांचा पेला उचलून त्यांच्यासमोर ठेवला. पोहे तसेच टाकून ते गेले.

आई माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. जेवणं झाली, भांडी झाली, दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले तेव्हाही नाही. मला फार वाईट वाटत होतं, पण माझं चुकलंय असं एकदाही वाटलं नाही.

सोमवारी मी कामावरून परस्पर बाजार करून सहाला घरी आले आणि पापडाचा डबा उघडला. शनिवारपासूनच्या गडबडीत खडे भाजायचे राहिले होते, ते गुलाबी पडलेले असणार हे मी धरूनच चालले होते. ते निळे होते. पुरचुंडी अजून कोमट होती आणि तिला गाठ आईच्या पद्धतीची होती, लुगड्याच्या पदराला मारतात तशी. मी हेडफोन कानाला लावला.

समोरच्या काकू आल्या, हातात फॉर्म घेऊन. रविवारची सगळी हकीकत त्यांना माहीत होतीच. आई दारात गेली.

"तिका आयकाक येणा नाय गो," आई म्हणाली, नेहमीपेक्षा मोठ्याने. "तासाभरान ये."