चौकीत बसणारी मावशी

"आमी भांडाया न्हाई आलो साहेब, बसाया आलो," असं म्हणून मावशी पोलीस चौकीच्या बाकावर टेकायची आणि तिथल्या सगळ्यांच्या तोंडचा चहा कडू व्हायचा.

ती आमच्या डिंभ्याची, आमच्याच आळीतली. सुक्या मासळीची पाटी घेऊन बाजार करायची. माझी सख्खी मावशी नव्हे. सगळे तिला मावशीच म्हणत. धरणात जमिनी गेल्या तेव्हा ती मोर्चात पहिल्या रांगेत असायची म्हणे, पण घोषणा तिच्या ध्यानात राहत नसत. एकदा 'जिंदाबाद'च्या जागी 'मुर्दाबाद' ओरडून तिने आपल्याच पुढाऱ्याची पंचाईत केली. तेव्हापासून तिला सांगण्यात आलं, तू नुसती बस. "मंग बसले. बसनं मला लई जमतं," असं ती अभिमानाने सांगायची.

तुम्हीही अशी बाई कुठल्यातरी कचेरीच्या बाकावर पाहिली असेल. ही एस.टी.ची वाट बघतेय असं वाटून पुढे गेला असाल. आमची मावशी एस.टी.ची वाट बघत नसे.

त्या वर्षांत नदीकाठची पाण्याची मोटार चोरीला गेली, की पोलिसांची जीप आधी आदिवासींच्या ठाकरवाडीवर जायची. कुणाला तरी उचलायचं आणि मागच्या खोलीत ठेवायचं. नाव कुठे लिहायचं नाही. आत काय झालं ते माणूस बाहेर आल्यावर त्याच्या चालण्यावरून कळे. सरकार बदललं, साहेब बदलले, जीपची वाट तीच राहिली. तक्रार करावी तर ती घेणारे तेच.

मावशीने यावर एक उपाय काढला होता. कायद्यात तो बसतो की नाही, मला अजून माहीत नाही. ती जाऊन बाकावर बसायची आणि भिंतीकडे तोंड करून आतल्या माणसाला हाक मारायची. आतून ओ आली पाहिजे. थोड्या वेळाने पुन्हा हाक, पुन्हा ओ. माणूस सुटेपर्यंत हेच.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा तिने मला पहिल्यांदा बरोबर नेलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. "तू कालेजात हाये ना? चल. तोंड उघडू नको. शिकलेलं मानूस शेजारी दिसाया पायजे."

किसनला बाजारातून उचललं होतं. ठाकरवाडीचा हा पोरगा मावशीला पावसाळ्यात खेकडे आणून द्यायचा. या वेळी चोरीला गेलेली मोटार एका मोठ्या बागायतदाराची होती, त्यामुळे साहेबांना वरून फोन आलेला.

"तू कोण गं?" साहेबांनी मला विचारलं. नागरिकशास्त्रात मूलभूत हक्कांवर मला चांगले मार्क पडले होते, पण त्या क्षणी मला माझं आडनाव आठवेना.

"वकीलबाई हायेत. म्हंजी व्हनार हायेत," मावशीने परस्पर सांगितलं. मी मराठी घेऊन बी.ए. करत होते.

"साहेब, चोवीस तासांत कोर्टाम्होरं न्यावं लागतं म्हनं. मी बसले तवापास्नं मोजते."

"अहो, तुम्ही बसल्यापासून कसे मोजणार? आणि त्याला अटक कुठे केलीय? चौकशीला बोलावलंय."

"आसं व्हय! मंग पावना हाये की तो. पावन्याला घरी जाऊ द्या."

हवालदार खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

मावशीने पाटी पंख्याखाली सरकवली. चौकीत सुकटीचा वास पसरला. मग तिने भिंतीकडे तोंड केलं. "किसन्या! हाये का?"

"हाये मावशे!"

दुपारभर हे चाललं. एकदा हवालदारच आतून म्हणाले, "झोपलाय तो."

"मंग उठवा. त्याच्या तोंडनं आयकू द्या."

"अवो मावशी, त्याला झोपू तरी द्या राव! आमी काय करत न्हाई त्याला, तुमीच छळताय."

संध्याकाळच्या गाडीने तिने मला घरी पाठवलं. सकाळी मी भाकरी घेऊन परत आले तर ती तशीच बसलेली. आवाज बसला होता, पण हाक चालू होती. आत किसनचाही आवाज बसला होता.

मग साहेब आले. पुन्हा फोन झाला असावा. कुणाकडे न बघता ते मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

"किसन्या, हाये का?"

काहीच नाही.

"किसन्या!"

मावशीने माझा हात धरला. ती एवढ्या जोरात ओरडली की समोरच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली. "किसन्या, ओ दे रं!"

आतून गुदमरल्यासारखा आवाज आला. "थांब की मावशे! तोंडात वडा हाये!"

दार उघडलं. साहेब बाहेर आले, त्यांचा चेहरा लाल झाला होता. मागून हवालदार कागदात गुंडाळलेला पाव घेऊन. वडा त्यांनीच दिला होता, आणि साहेबांना नेमका तोच बघायला मिळाला होता. साहेब कुणावर ओरडावं ते ठरवत होते. पण हॉटेलासमोर गर्दी उभी होती आणि सगळे आत बघत होते. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी पंखा वाढवायला सांगितला. पाटी पंख्याखालीच होती.

दुपारी बागायतदाराचा माणूस खाली मान घालून आला. मोटार मंचरला रिवाइंडिंगच्या दुकानात सापडली होती. धाकट्या मालकांनीच दुरुस्तीला टाकली होती, घरी सांगायचं राहिलं.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती गेली तेव्हा मी नोकरीच्या गावी होते, मला उशिरा कळलं. तिच्याबद्दल लिहायला बसले की तिचं रडणं-हसणं आधी आठवत नाही. त्या दुपारचं पुढचं आठवतं.

"उठा आता मावशी, सुटला तुमचा पावणा," साहेब म्हणाले.

मावशी उठायला गेली आणि खाली बसली. "साहेब, पाय गेलं माजं."

चौकीत धावपळ उडाली. बाई चौकीत लुळी झाली असं बाहेर कळलं तर काय, म्हणून साहेबांनी स्वतः पाणी आणलं. किसन मागच्या खोलीतून बाहेर आला, तिच्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "ये पाठीवर."

त्या दारातून ठाकरवाडीच्या माणसांना दोघातिघांनी धरून बाहेर आणलेलं बाजाराने पुष्कळदा पाहिलं होतं. किसन आपल्या पायांनी बाहेर पडला. नीट, सरळ चालत, पाठीवर मावशीला घेऊन. दुकानदार थांबले, गिऱ्हाइकं थांबली. बसलेल्या आवाजात मावशी वरून ओरडत होती, "बगताय काय? रस्ता द्या!"