साडूंचं भारमान

एसटीतून प्रवास करणारी माणसं महाराष्ट्रात चिक्कार आहेत. पण एसटीच ज्याच्यातून प्रवास करते असा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि माझ्या दुर्दैवानं तो माझा साडू आहे. आम्ही दोघं कन्नड तालुक्यातल्या एकाच घरचे जावई. त्यांना थोरली दिली, मला धाकटी. साडूंची सगळी नोकरी संभाजीनगरात, एसटीच्या कचेरीत, आकडेवारीच्या टेबलावर गेली. त्यांनी कधी स्टिअरिंग धरलं नाही, कधी कुणाचं तिकीट फाडलं नाही. कोणती गाडी किती किलोमीटर धावली, दहा लिटर डिझेलमध्ये किती पळाली, कुठल्या फेरीत किती माणूस बसलं याचे तक्ते भरायचे, हेच काम. मी चित्रकलेचा मास्तर. आकड्यांचं आणि माझं शाळेपासूनच जमलेलं नाही. तरीही या माणसाच्या शेजारी बसून अख्खी एसटी मला पाठ झाली आहे. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली, पण टेबल सुटलं तरी तक्ता काही सुटला नाही.

त्यातही त्यांचा जीव भारमानावर. भारमान म्हणजे गाडीतल्या जागांपैकी किती भरल्या त्याची टक्केवारी. हा एक शब्द हाती लागला आणि जगातली बाकीची सगळी मापं साडूंनी फेकून दिली. सिडकोतल्या एका मंगल कार्यालयात आम्ही लग्नाला गेलो होतो. अक्षता पडल्या, बँड वाजला, मुलीचा बाप डोळे पुसत उभा होता, आणि साडू त्याच्याजवळ जाऊन गंभीरपणे म्हणाले, "एकसष्ट पॉइंट चार. तोटा नाय, पण म्हणावं तसं भरलं नाय बगा." त्या बिचाऱ्याला वाटलं, जावयाच्या दहावीच्या मार्कांबद्दल बोलताहेत. तो म्हणाला, "व्हय, पण पोरगं कष्टाळू हाय." माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा साडू भेटायला आले, ते माझ्याकडं न बघता आधी वॉर्डभर फिरले, खाटा मोजल्या, खाली सतरंजीवर निजलेले पेशंट मोजले आणि मग माझ्या उशाशी येऊन म्हणाले, "भारमान शंभराच्या वर गेलंय. तुम्हाला उद्या सोडतेत." दुसऱ्या दिवशी मला टाक्यांसकट सोडलं. तेव्हापासून मी त्यांच्या आकड्यांना हसतो, पण लांबून.

घरी तर विचारायला नको. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, कोथिंबीर विसरून पुन्हा बाजारात निघाली की हे सोप्यावरून ओरडणार, "रिकामे किलोमीटर! रिकामे किलोमीटर!" स्वतःच्या तब्येतीची चौकशी केली तर "बंद पडलो नाय, पण डिझेल जास्त खायलोय" असं उत्तर येतं, आणि अक्का स्वयंपाकघरातून म्हणते, "डिझेल न्हवं, भजी." एकदा तिनं माझ्या बायकोपाशी मन मोकळं केलं. "पस्तीस वर्षं झाली लग्नाला. छान दिसतेस असं तोंडातून एकदा नाय निघालं. एकदाच कौतुक केलं बाई. म्हणले, तुझा चहा लई वक्तशीर हाय." हे सांगताना ती लाजली होती, हेही मी नमूद करून ठेवतो.

एसटी चालते कशावर असं चुकूनही कुणी विचारू नये. आमच्या कॉलनीतल्या एका गृहस्थानं विचारलं आणि त्याच्या दुधाची पिशवी हातातच नासली. डिझेल, टायर, टायरवर पुन्हा चढवलेलं रबर, कर, पगार, आणि मग सवलती. सवलतींची यादी साडू डोळे मिटून म्हणतात. विद्यार्थी, ज्येष्ठ, अतिज्येष्ठ, महिला, दिव्यांग, अमुक आजाराचे रुग्ण, तमुक पुरस्काराचे मानकरी. मधे कुणी शिंकलं तर पुन्हा पहिल्यापासून. शेवट ठरलेला असतो. "सवलत देतंय सरकार, गाडी चालवतंय महामंडळ, आणि दोघांच्या मधी तक्ता भरून कोण देत हुता? हा बसलाय तुमच्यापुढं." इतकं सगळं ठाऊक असलेल्या या माणसाला स्वतःची गाडी मात्र आजवर धड मिळालेली नाही. बसस्थानकावर जायचं, चौकशीच्या खिडकीशी उभं राहायचं, आणि कन्नडची गाडी सव्वाला सुटते की वीसला, यावर आतल्या माणसाशी हुज्जत घालायची; एवढ्यात ती गाडी त्यांच्या पाठीमागून निघून जाते. तिथला चहावाला त्यांना चांगला ओळखतो. "क्या चाचा, आज कित्ते गिने? और तुमारी गाडी? गई ना फिर!" असं म्हणून तो न मागताच चहा पुढं करतो.

तर अशा या माणसानं आमच्या सासुरवाडीची गाडी बंद पाडली. म्हणजे पाडत आणली होती.

आमच्या सासुरवाडीला एक मुक्कामी गाडी आहे. ती संध्याकाळी संभाजीनगरहून निघते, दिवेलागणीनंतर गावात पोचते, मारुतीच्या देवळापुढं मुक्काम करते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओसरीवर झोपतात. त्यांना कोरड्यास-भाकरी गावातलं कुणीतरी देतंच. सकाळी सहाला ती परत निघते, कन्नडवरून शहरात येते. निवृत्तीच्या महिन्यात साडूंनी जो शेवटचा तक्ता भरला, त्यात भारमानाच्या हिशेबानं ही गाडी सर्वांत खाली आली. दुसरा कुणी असता तर त्यानं सासुरवाडी बघून पेन जरा हलक्या हातानं चालवलं असतं. साडूंनी नाही चालवलं. उलट फोन करून सासूबाईंना अभिमानानं सांगितलं, "आकड्यापुढं आपला-परका नसतो." चार महिन्यांनी गावात निरोप आला: पुढच्या एक तारखेपासून मुक्कामी गाडी बंद, त्याऐवजी दुपारची एक फेरी.

नेमका त्या वर्षी अधिक महिना आला होता, ऐन पावसाळ्यात. अधिकात जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. आम्ही दोघं जावई नवं धोतर-टोपी घेऊन पाटावर बसलो. सासूबाई वाढायला आल्या. माझ्या ताटात धोंड्यावर धोंडा पडत राहिला. साडूंच्या ताटात दोन पडले आणि वाढणं थांबलं. साडूंचं धोंड्यांवर किती प्रेम आहे हे त्यांच्या शर्टाच्या बटणांना विचारा. त्यांनी थोडी वाट पाहिली, खाकरले, मग ताट जरा पुढं सरकवलं.

"जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तिसरी फेरी बंद. भारमान नाय."

मी हसलो आणि ठसका लागून मेलो असतो. मेहुणा मात्र हसला नाही. तो दाराशी उभा होता. "दाजी, हसण्यावारी नेऊ नका," तो म्हणाला. "आमची रेणू अकरावीला हाय, कन्नडला. सकाळची गाडी गेली की तिचं कॉलेज गेलं. जीपला दाराला लटकून पोरगी धाडायची नाय मला. घरी बसवीन, आन स्थळं तर आत्ताच यायलीत." साडू म्हणाले, "मला काय आनंद हाय का? पण सकाळच्या गाडीत माणूसच नसतं, त्याला मी काय करू? तिकिटं फाटतात पाच-सहा."

रेणू तुपाची वाटी घेऊन उभी होती. आत्याचा नवरा म्हणून ती साडूंना मामा म्हणते. ती म्हणाली, "मामा, त्यात मला धरलं का?"

"तिकीट फाटलं असेल तर धरलंच असणार."

"माझं तिकीट फाटतच नाय. माझा पास हाय. सगळ्या पोरींचा पास हाय, फुकटचा."

साडूंचा हात ताटातच राहिला. पासाचा तक्ता दुसऱ्या टेबलावर असायचा. तो माणूस पास किती दिले ते मोजायचा, साडू तिकिटं किती गेली ते मोजायचे; पोरी कुठल्या गाडीत बसतात हे दोघांपैकी कुणीच मोजलं नव्हतं. पासवाल्या पोरींची कंडक्टरच्या कागदाला जोडलेली एक चिठ्ठी असायची म्हणे, आणि साडू ती वर्षानुवर्षं टाचणीसकट काढून बाजूला ठेवत आले होते, आपल्या तक्त्यात तिचा रकाना नाही म्हणून. आणि एवढ्या वर्षांत या गाडीनं ते सकाळी एकदाही गेलेले नव्हते. जावयाला सहाच्या आत उठवणार कोण? आम्ही नेहमी जेवून, वामकुक्षी करून, दुपारच्या जीपनं शहराकडं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गदागदा हलवून उठवलं. पावणेसहाला आम्ही दोघं मारुतीपुढं उभे. आधी दोन म्हाताऱ्या आल्या, मग एक शेळीवाला आला आणि शेळी नको म्हटल्यावर परत गेला. मग पोरी यायला लागल्या. वाडीवरून, वस्तीवरून, धनगरांच्या पालांकडून, चिखलातून चपला हातात धरून. देवळाच्या नळावर पाय धुवायच्या, चपला घालायच्या आणि चढायच्या. साडू दाराशी उभे राहून ओठ हलवत मोजत होते. सत्तावीस मोजल्या, खाली उतरले, पुन्हा चढून मागून पुढं मोजल्या. सत्तावीसच. पुढच्या दोन फाट्यांवर अजून अकरा चढल्या. कंडक्टरनं पास बघितले, तिकिटं फाडली पाच. त्यांतली दोन आमची. बसायला जागा नव्हती. साडू दांडा धरून उभे होते, आणि रेणू उठून त्यांना म्हणत होती, "बसा मामा." ते बसले नाहीत. कन्नडला सगळ्या पोरी उतरल्या आणि गाडी एकदम रिकामी झाली. साडू तरीही उभेच होते.

शहरात पोचल्यावर ते घरी गेले नाहीत. वाणाची पिशवी काखेत, नव्या टोपीसकट, थेट जुन्या कचेरीत. आणि साक्षीदार म्हणून मी. त्यांच्या खुर्चीवर आता एक तरुण साहेब होता. त्यानं आदरानं बसवलं, जुना तक्ता काढला, कॅल्क्युलेटरवर पडताळला आणि म्हणाला, "सर, तुमची बेरीज बरोबर आहे की." साडू म्हणाले, "बेरीज बरोबरच हाय. माणसं चुकली." मग त्यांनी कागद मागितला आणि स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला, की मी भरलेल्या तक्त्यात चूक आहे. सोडा-वॉटरच्या बिलात चूक निघाली तरी आठवडाभर न जेवणारा हा माणूस. चूक या शब्दाशी ते बराच वेळ थांबले. पेन चालत नाही म्हणाले, माझं घेतलं, तेही चालत नाही म्हणाले. तिसऱ्या पेनानं तो शब्द लिहिला. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर अभिमान वाटला. त्यांना अर्थात मी हे सांगितलेलं नाही. लगेच टक्केवारी विचारली असती.

गाडी सुरू राहिली. साडूंच्या अर्जामुळं, की ग्रामपंचायतीच्या ठरावामुळं, की बंद करायचा कागदच कुठल्यातरी फायलीखाली गेला म्हणून, हे त्या मारुतीलाच ठाऊक. बातमी गावात पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं बसस्थानकावर साडूंच्या हातात एक स्टीलचा डबा दिला. म्हणाला, "म्हातारीनं सांगितलंय, तिसरी फेरी चालू." आत एकच धोंडा होता. तो साडूंनी बाकड्यावर बसून, कुणाला न देता खाल्ला, आणि मी शेजारीच होतो.

पण तेव्हापासून आमचे साडू बिघडले ते बिघडलेच. आता लग्नात मंडपाचं भारमान विचारलं तर एका दमात सांगत नाहीत. "बघून सांगतो," म्हणतात आणि खरोखर उठून बघायला जातात. मांडवामागं भांडी घासणाऱ्या बायका जेवल्या का ते विचारून येतात, बाहेर घोड्यावाल्याला धरतात, बँडवाल्यांना धरतात, आणि परत येईपर्यंत आमची पंगत उठलेली असते. ते फटाफट येणारे पॉइंट गेले. खरं सांगतो, मला चुकल्यासारखं होतं. इतकी वर्षं ज्याला हसलो, ते एक दिवस गंमत म्हणून तरी परत यावं असं वाटतं.

गेल्या वर्षी रेणू बारावी झाली आणि इथं संभाजीनगरात नर्सिंगला लागली. पास बारावीपर्यंतचाच. पेटी-वळकटी घेऊन ती त्याच मुक्कामी गाडीनं सकाळी आली, तेव्हा साडू स्थानकावर तासभर आधीच जाऊन उभे होते. तिनं उतरल्या उतरल्या पर्समधून तिकीट काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "मामा, आता मला धरतेत." महिलांचं अर्धं तिकीट, तिच्या आयुष्यातलं त्या गाडीचं पहिलं. साडूंनी ते घडी न घालता शर्टाच्या खिशात ठेवलं आणि तिची पेटी उचलायला वाकले, ते बराच वेळ वाकूनच होते.

हल्लीच्या मशीनच्या तिकिटावरची शाई टिकत नाही. परवा मी त्यांच्याकडं गेलो होतो, तेव्हा त्यांनी ते तिकीट पाकिटातून काढून मला दाखवलं. अगदी कोरा कागद. गाव नाही, तारीख नाही, काही नाही. मी म्हटलं, "साडूभाऊ, यात आता काय वाचता?" त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडाला धरला आणि तक्ता वाचायच्या जुन्या आवाजात म्हणाले, "प्रवासी, एक." मी सवयीनं वाट पाहत राहिलो. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"एकच," ते म्हणाले. "पॉइंट काय नाय."