शांत स्वभावाचा माणूस

बंदुकीचा परवाना मागणारा माणूस कसा आहे याची चौकशी करायला जमादार आमच्या गावात आला, तेव्हा त्याला चहा आणून दिला त्या माणसाच्या बायकोने. अंगणात बसलेल्या सगळ्यांत त्या माणसाला तीच जास्त ओळखत होती. तिला कोणी काही विचारलं नाही. उलट तिनेच जमादाराला विचारलं, साखर बरोबर आहे का म्हणून.

आमचं गाव पोंभुर्णा तालुक्यात, जंगलाला चिकटलेलं. ते आमचे शेजारी. त्याला मी लहानपणापासून दादा म्हणत आले, तिला वहिनी. धान लोंबीवर आला की रानडुकरं येतात. डुक्कर पोटापुरतं खाऊन निघून जात नाही, अख्खी बांधी, धानाचा अख्खा तुकडा, लोळवून जातं. वनविभागाचा माणूस येतो, मोबाइलवर फोटो काढतो, जातो. मी ज्या संघटनेत काम करते तिची पत्रकं मीच लिहिते. ‘डुकरं सरकारची, धान आमचा, मग राखण कोणाची?’ हे वाक्य माझं. पीक राखायला बंदुकीचे परवाने द्या, अर्ज कुजवू नका, अशी आमची मागणी होती. ती चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही.

दादाच्या वडिलांकडे तसा परवाना होता. ते वारले आणि बंदूक ठाण्यात जमा झाली. ती आपल्या नावावर मिळावी म्हणून दादाने अर्ज केला. आमच्या मोहिमेतला हा पहिला अर्ज. अर्ज जिल्ह्याच्या कचेरीत गेला, तिथून ठाण्याला विचारणा आली आणि ठाण्याने जमादाराला पाठवलं. त्याने मोटारसायकल कडुलिंबाखाली लावली, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला आणि जबाब घ्यायला लागला. एक पोलीस पाटलाचा, दुसरा शेजारी म्हणून माझ्या बाबांचा. जबाब जमादारच बोलायचा आणि जमादारच लिहायचा. “स्वभावानं शांत. कोणाशी वाद नाही. घरात सलोखा. बरोबर ना भाऊ?” बाबा मान हलवत होते.

दादा खांबाला टेकून उभा होता. म्हणाला, “लिहा जी, डुकरालेच मारीन, माणसाले नाई.”

“अन् बायकोले?” पोलीस पाटलाने डोळा मारला.

“तिच्यासाठी एक राखून ठेवीन ना!”

सगळे हसले. जमादारही हसला. लिहिताना त्याचा हात थांबला नाही. वहिनी कपबशा गोळा करत होती.

मी घरी आले ती खुशीत. पहिला अर्ज मार्गी लागला होता. आई अंबाडीची भाजी निवडत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

“झालं काय तुमचं?”

“झालं. आता दिवाळीच्या आत बंदूक येते बघ.”

“येऊ दे. मंग त्याची बायको झोपन कुठी, ते बी लिहून ठेव तुह्या कागदावर.”

आणि मग तिने सांगितलं. आदल्या पोळ्याच्या सुमाराला वहिनीचा हात मोडला होता. मी तेव्हा बल्लारपूरला खोली करून राहत होते. मला फोनवर सांगितलं होतं की धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, घसरून पडली. ती पडली नव्हती. दादाने कुऱ्हाडीच्या दांड्याने मारलं होतं. हाड नीट बसलं नाही, आजही तो कोपर पुरता सरळ होत नाही. ती ठाण्यात जायला निघालीही होती. गावाच्या वेशीवरून तिला परत आणलं.

परत आणणाऱ्यांत बाबा होते.

आमचं गाव तंटामुक्त आहे. वेशीवर तशी पाटी आहे. आमच्या गावात भांडणं होत नाहीत असा तिचा अर्थ नाही. भांडण ठाण्यापर्यंत जात नाही, एवढाच. समिती बसते, दोघांना समजावते, चुकणाऱ्याकडून जेवण घेते. दादाने बकरं कापलं. समिती जेवली, गल्ली जेवली. आणि जेवणानंतरचा नियम गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ज्या भांडणाचं जेवण झालं ते भांडण संपलं. ते पुन्हा तोंडावर आणायचं नाही. जो आणेल तो गावाचा वैरी.

बाबा शेतातून आले, हातपाय धुतले आणि मी उभ्या उभ्याच विचारलं, “शांत स्वभावाचा म्हणून सही केली तुम्ही?”

“काऊन? केस हाय काय त्याच्यावर?”

“केस नाही, कारण तुम्ही होऊ दिली नाही.”

“समझोता झाला होता.”

“तिचा हात मोडला होता बाबा.”

“मी जेवलो तिथी,” बाबा म्हणाले. “जेवल्यावर मंग तोंड उघडाचं काय माणसानं?”

त्यांना हे खरंच पुरेसं वाटत होतं. मला ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडले. आईने दार लोटून घेतलं, शेजारी ऐकू जाईल म्हणून.

दुसऱ्या दिवशी बोरिंगवर मी वहिनीला गाठलं. म्हटलं, तक्रार द्या, मी लिहून देते.

“तुमी लय लिहिता बाई.” ती हसली.

“हसू नका ना.”

“हसू नाई तं काय करू? काठीनं मारलं तं माणूस उठते. पडते, उठते, भात मांडते. बंदुकीनं पडलं तं उठता येते काय?”

“म्हणूनच तर म्हणते.”

“अन् डुकरं? परवा अर्धी बांधी गेली आमची. मले काय धान नको? पोट्ट्याईले काय चारू?” तिने पाण्याचा गुंड डोक्यावर घेतला. “तक्रार देली तं तुमी तुमच्या घरी जासान, जमादार त्याच्या घरी. मले याच घरी वापस याचं हाय. माहेर सावली गावाले, भावजयीच्या राज्यात. तिथी दोन दिवस पावणी, तिसऱ्या दिवशी काय मनतात मले ठाऊक हाय.”

मी तालुक्याला गेले. आमच्या संघटनेचे पुढारी, भाऊ, चांगले आहेत, धाडसी आहेत. मी त्यांच्याकडूनच बोलायला शिकले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पहिल्याच अर्जावर आपणच हरकत घेतली तं बाकीच्या अर्जांचं काय? उद्या साहेब म्हणतील, पाहा, यांचीच माणसं यांच्यावर विश्वास ठेवत नाही.”

“भाऊ, तो बायकोला मारतो.”

“तो वेगळा विषय आहे. त्याचं वेगळं पत्रक काढू.”

ते पत्रक अजून निघालेलं नाही.

मग ठाणं. जमादाराने मला ओळखलं, खुर्ची दिली. “रेकॉर्डवर काही असलं तं मी लिहीन ना मॅडम. रेकॉर्ड कोरं आहे. गाव तंटामुक्त आहे तुमचं. ते पाटी काय आम्ही लावली?”

“बायकोला विचारा. एकदा तरी विचारा.”

“विचारतो. त्यात काय.”

आणि तो शब्दाला जागला. पुन्हा आला. त्याच अंगणात, त्याच खुर्चीवर बसला. दादा होता, सासू होती, पोलीस पाटील, बाबा, अर्धी गल्ली. वहिनीला बोलावून त्याने मध्ये उभं केलं.

“काय बाई, नवऱ्याचा काही त्रास?”

“नाई.”

“मारहाण वगैरे?”

“नाई जी.”

“हात काय झाला?”

वहिनीने तोंड उघडायच्या आत सासू म्हणाली, “धुऱ्यावरून पडली. लय धांदरट हाय.”

वहिनी म्हणाली, “हो, धुऱ्यावरून.”

मी बाबांकडे बघत होते. बाबा छपराच्या कवेलूंकडे बघत होते. जमादाराने लिहिलं, तिची सही घेतली आणि माझ्याकडे वळला. “समाधान झालं ना मॅडम?”

बकरीला कसायाच्या दारात उभं करायचं आणि विचारायचं, बाई, काही तक्रार? आणि ती गप्प राहिली की लिहायचं, बकरी खूश. याला आपल्याकडे चौकशी म्हणतात. अर्जात माणसाची उंची विचारतात, ओळखीची खूण विचारतात, गुन्हा दाखल आहे का विचारतात. गुन्हा घडला आहे का, हा रकाना नाही. ज्या घरात बंदूक टांगली जाणार त्या घरातल्या बाईला दार लावून, एकटीला, बाई माणसाने जाऊन विचारावं, एवढं साधं कोणाला सुचत नाही. सुचत असेल, पण त्रास कोण घेतो?

परवाना मिळाला. दादाने ठाण्यातून बंदूक आणली, नारळ फोडला, कुंकू लावलं. खाटेच्या वरच्या खुंटीला ती टांगली.

त्यानंतर एका सकाळी वहिनी आमच्या ओसरीवर आली. आमच्या घरी ती मागच्या दाराने यायची, त्या दिवशी पुढच्या दाराने आली. बाबा राखेने दात घासत होते.

“काकाजी, तुमी सांगतलं ना जमादाराले, हे शांत हायत मनून?”

बाबांनी तोंडातून बोट काढलं.

“सांगतलं ना?”

“हो.”

“तं हे तुमीच सांभाळा.” तिने पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली आणि ओसरीवर ठेवली. आत काडतुसं होती. “डुकरं आले तं ते न्यायले येतीन. तुमच्या हातानं द्या. उरले ते तुमच्या हातानं मोजून घ्या.”

एवढं बोलून ती गेली. बाबा तोंडात राख धरून तसेच उभे होते. मग त्यांनी चूळ भरली, पिशवी उचलली आणि आपल्या लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावलं. ठेवतोय ते चूक की बरोबर, कायद्यात बसतं की नाही, हे त्यांनी मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दादा आला तो हसत. “काय काका, आमचा माल तुमच्या पेटीत?”

“लेकरं हायत तुह्या घरी. इथीच बरा.”

“विश्वास नाई काय माझ्यावर? जमादाराले तं लय तारीफ सांगत होते.”

“सांगतलं मनूनच इथी ठेवलं,” बाबा म्हणाले.

गल्लीतले दोघं-तिघं ऐकत होते. त्यांच्यासमोर दादाला नाही म्हणता येईना. मग रोजचं ठरूनच गेलं. दिवस कलला की तो यायचा, घेऊन शेतावर जायचा, सकाळी उरलेली आणि उडवलेल्यांच्या रिकाम्या नळ्या परत आणून द्यायचा. हवेत बार काढला की डुकरं पळायची. आवाज गावात यायचा आणि सकाळी बाबांचा हिशेब जुळायचा. सरकारची पडताळणी एका चहात आटोपली होती. खरी पडताळणी आमच्या ओसरीवर रोज चालली होती, आणि ती करणाऱ्या माणसाला सोयऱ्यांकडे मुक्कामालासुद्धा जाता येत नव्हतं.

धान कापणीला आला तेव्हाची गोष्ट. दादाने सकाळी पिशवी आणून दिली. बाबांनी मोजलं. पुन्हा मोजलं.

“एक कमी हाय.”

“उडवलं ना.”

“नळी?”

“पडली असन बांधीत कुठी.”

तो गेल्यावर बाबा बांधीबांधीने फिरले. आजूबाजूच्या शेतांत राखणीला असलेल्या प्रत्येकाला विचारलं. रात्री बार कोणीच ऐकला नव्हता.

घरी आले, पाणी प्यायले आणि मला म्हणाले, “लिही. माझा जबाब मी वापस घेतो. खोटा होता मन. जेवलो होतो मनून खोटा बोल्लो, असंच लिही.”

मी लिहिलं. आम्ही दोघं एसटीने ठाण्यात गेलो. जमादाराने कागद वाचला, उलटा करून पाहिला. “परवाना निघाल्यावर जबाब वापस घेतात काय भाऊ? ठेवून जा.” आम्ही ठेवून आलो. पोच मी मागितली. साहेब आले की देतो, म्हणाला. अजून कोणी आलेलं नाही. गावाला मात्र दुसऱ्याच दिवशी कळलं. पारावर बाबांना बघून कोणीतरी म्हणालं, खाल्लेलं बकरं ओकला बुढा. बाबा आता पारावर बसत नाहीत.

दादाने उरलेली काडतुसं पिशवीसकट परत नेली. परवाना माझ्या नावावर आहे, म्हणाला. तो कायद्याने बरोबर होता.

मी पुन्हा अर्ज लिहिले आहेत, जिल्ह्याच्या कचेरीला, महिलांच्या कक्षाला. मी लिहीत राहीन, दुसरं मला येत नाही. वहिनीला मी म्हटलं, आमच्याकडे झोपायला या. ती म्हणाली, लेकरं तिकडं अन् मी इकडं?

पिशवीतली काडतुसं डोळ्यांसमोर असतात, मोजता येतात. ती शोधते आहे ते कमी पडलेलं एक. वाकळी उन्हात काढून एकेक शिवण चाचपते. तांदळाचा डबा चादरीवर पालथा करते, पुन्हा भरते. चुलीमागे, देवाच्या पाटाखाली, कवेलूंच्या फटीत. दादा ओट्यावर खाट टाकून बसतो, बिडी ओढत तिच्याकडे बघत राहतो आणि अधूनमधून, मोठ्या मजेत, विचारतो,

“सापडलं काय वं?”