पुढची सीट

मंडळी, आत्ताच घरी पोचलोय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आज आईला आणि मुलीला घेऊन लव्हलँड पासला गेलो होतो. जवळजवळ बारा हजार फूट, नुसती वळणं. आईला घाटात गाडी लागते. गेल्या वर्षी याच रस्त्यावर दोनदा थांबावं लागलं होतं. तेव्हा बाबा होते. डिरेक्शन्सचा प्रिंटआउट मांडीवर घेऊन पुढे बसले होते. फेब्रुवारीत ते गेले.

आजही आई सवयीने मागचं दार उघडायला लागली. मी म्हटलं, "आई, पुढे बस." बसली, आवळासुपारीची डबी मुठीत धरून.

वर पोचलो तरी डबी उघडली नव्हती. बर्फाकडे बघत म्हणाली, "पुढे बसलं की लागत नाही होय रे?"

चाळीस वर्षं ती मागे बसली. आम्ही कोणी कधी विचारलंच नाही.

परतताना मात्र ती गुपचूप मागे जाऊन बसली. मुलगी म्हणाली, "आजी, यू विल गेट सिक."

"असू दे गं. मागे बसलं की हे पुढे आहेत असं वाटतं."

उतरताना दोनदा थांबलो.

तुमच्या गाडीत आई कुठे बसते?