लिओनेलचा पितळी जोड

वसईचा लिओनेल तुस्कानो मोटारीचा एसी हाताने ओळखायचा. जाळीसमोर तळवा धरून डोळे मिटायचा आणि गॅस किती उरलाय ते सांगायचा. तीस वर्षं हाच धंदा. कॅनडात मिसिसागाला आल्यावर त्याने परीक्षा देऊन एसीचा गॅस हाताळायचं कार्ड मिळवलं, तेव्हापासून गॅरेजची मॅनेजर प्रिया नव्या माणसांना त्याच्याच हाताखाली द्यायची. तो त्यांना सांगे: एसीत आजवर तीन गॅस आले; पहिल्याने ओझोनला भोक पाडलं, दुसऱ्याने ओझोनला धक्का लावला नाही, पण पृथ्वी तापवली, नव्या गाड्यांतला तिसरा त्या मानाने सोज्वळ, फक्त पेट घेऊ शकतो. एकात दुसरा मिसळायचा नाही, म्हणून तर प्रत्येकाच्या नळीचं तोंड वेगळं. हे त्याला तोंडपाठ होतं. पटलं मात्र कधीच नव्हतं.

त्याच्या पेटीत वसईच्या लेथवर करून घेतलेला एक पितळी जोड होता. तो लावला की कुठलीही नळी कुठल्याही गाडीला बसे. जूनमधल्या एका रविवारी मिस्सा सुटल्यावर डेनिसने चर्चच्या पार्किंगमध्ये त्याला गळ घातली. डेनिस त्याच्याच गावचा. बायकोला डायलिसिसला न्यायचं आणि गाडीत एसी नाही, बिचारी घामाघूम होते. गाडी तिसऱ्या गॅसची, लिओनेलकडे डबा दुसऱ्याचा. त्याने जोड लावला आणि आहे त्या गॅसवर हा भरला. जाळीतून गार वारा आला. हातच्या काकणाला आरसा कशाला!

गळती मात्र होती तिथेच होती. दोन आठवड्यांत वारा पुन्हा कोमट झाला आणि डेनिसने भाबडेपणाने गाडी लिओनेलच्याच गॅरेजमध्ये आणली. मशीनने जुना गॅस ओढण्याआधी तो तपासायचा, असा नियम. तपासला तर भेसळ दिसणार, कार्ड जाणार. तेव्हा तोंड उघडलं असतं तर एका गाडीवर भागलं असतं. पण माणूस घाबरला की त्याची अक्कल गहाण पडते. लिओनेलने न तपासताच मशीन लावलं. भेसळ मशीनच्या टाकीत गेली आणि टाकीतून दिवसभरात आणखी तीन गाड्यांत.

दुसऱ्या दिवशी प्रियाने टाकी तपासली आणि भेसळ निघाली. लिओनेलने तो जोड तिच्या टेबलावर ठेवला.

"अंकल, सगळ्यांना ट्रेनिंग तुम्हीच देता ना?" एवढंच ती म्हणाली.

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. दुपारपर्यंत नोकरी गेली. वय अठ्ठावन्न, आणि दुसरं काही येत नाही.

घरी जाताना बसमध्ये डेनिसचा फोन आला. पूर्ण सिस्टिम चेंज करावी लागेल, असं गॅरेजवाले म्हणतात, तोवर गाडी त्यांच्याकडेच राहणार.

"तू तिथे आहेस म्हणून तर आणली रे," डेनिस म्हणाला.

लिओनेलने फोन ठेवला. डोक्यावरच्या जाळीतून वारा येत होता. सवयीने तळवा वर गेला, डोळे मिटले. गार आहे, एवढंच त्याला कळलं. आत कुठला गॅस आहे, ते त्या हाताला कधीच कळत नव्हतं.