मोजणीत न आलेले पाच संगणक

नाते गावच्या सुहास सकपाळला जगभर पसरलेली तीसेक माणसं नावाने ओळखत, पण त्यांतल्या एकालाही त्याने कधी पाहिलं नव्हतं. महाडच्या एका कारखान्यात तो संगणक सांभाळायचा. मणका सरकला, नोकरी सुटली, तेव्हापासून घरीच. कुणीही फुकट घ्यावा आणि कुणीही सुधारावा अशा एका डेटाबेसचं काम ही माणसं मिळून करत. सुहासने त्यातलं कुणालाच नको असलेलं काम अंगावर घेतलं. हा डेटाबेस ज्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून वापरायचा, तिच्या नवनव्या आवृत्त्या निघत. जुन्या आवृत्तीवरही तो चालतो ना, हे तपासायचं, अडलं तर दुरुस्त करायचं. नऊ वर्षं त्याने ते इमानाने केलं.

त्याला कारण होतं. पोलादपूरजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात पाच जुने संगणक होते. साप चावलेल्यांच्या नोंदी ठेवायला सुहासनेच तिथे याच डेटाबेसवर प्रोग्रॅम करून दिला होता. माणूस कुठल्या वाडीचा, किती वेळाने आणला, लस किती लागली, वाचला की नाही. भाषेची नवी आवृत्ती त्या संगणकांवर चढतच नव्हती.

यंदा प्रकल्पाच्या प्रमुख बाईंनी कळवलं, डेटाबेसच्या पुढच्या आवृत्तीपासून भाषेच्या जुन्या आवृत्तीचा आधार बंद. तिच्यापायी प्रत्येक नवं काम दुप्पट वेळ खातं.

सुहासने दवाखान्याची हकिकत सांगणारं लांबलचक उत्तर लिहिलं. वीज अचानक गेली तर शेवटच्या नोंदी पुसल्या जातात, असा दोष नुकताच सापडला होता, आणि त्याची दुरुस्ती पुढच्या आवृत्तीतच येणार होती. ‘आमच्याकडे वीज रोज जाते,’ त्याने लिहिलं.

बाईंचं उत्तर सौम्य होतं. ‘गेल्या वर्षी भाषेच्या जुन्या आवृत्तीसाठी एकेचाळीस वेळा डेटाबेस डाउनलोड झाला. एकेचाळीसही वेळा तुमच्याच यंत्रावर. तुमच्याशिवाय कुणी वापरतं का? दवाखान्याचं पत्र मिळालं तर विचार करू.’

दवाखान्यात इंटरनेट नव्हतं. सुहास सगळं पेनड्राइव्हवर घालून न्यायचा. ते पाच संगणक मोजणार कोण?

दुसऱ्याच दिवशी कमरेला पट्टा बांधून तो एसटीने पोलादपूरला गेला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

“पत्र देतो रे,” ते म्हणाले, “पण खोटं कशाला लिहू? ट्रस्टने टॅबलेट मंजूर केलेत. दोन महिन्यांत हे संगणक भंगारात जाणार.”

“आणि नऊ वर्षांच्या नोंदी?”

“नव्या अ‍ॅपमध्ये जुनं भरायची सोय नाही म्हणतात.”

बाजूला उभ्या असलेल्या सारिका सिस्टरला राहवलं नाही. “दादा, कागदावर तरी काढून द्या ना. कुठल्या वाडीत जास्त चावतात, ते त्यातच हाय.”

सुहासने सगळी यादी छापून दिली. साडेतीनशे पानं निघाली. सारिकाने ती दोरीने बांधून औषधांच्या कपाटावर ठेवली. खाली जागा नव्हती.

पत्र न घेताच तो परतला. ‘हरकत नाही,’ एवढंच त्याने बाईंना लिहून पाठवलं.

‘आभार. जुन्या आवृत्तीसाठीचा भाग तुमच्याइतका कुणाला ठाऊक नाही,’ बाईंनी लिहिलं. ‘तुम्हीच काढाल का?’

दोन दिवस बसून त्याने स्वतःच्याच चार हजार ओळी पुसल्या. एखादी ओळ पाहताच आठवायचं, हिच्यापायी आपण गणपतीत बाहेर पडलो नव्हतो. पुसायला मात्र क्षण लागत नव्हता. काम संपल्यावर सगळ्या चाचण्या पहिल्या झटक्यात पार पडल्या, आणि पूर्वीच्या निम्म्या वेळात. चौघा-पाचजणांनी अभिनंदन केलं. ते मनापासूनच होतं, हे त्याला कळत होतं, म्हणून रागवायलाही कुणी उरलं नाही.

“संपलं काय रे तुजं काम?” आईने, ठमाबाईने, आतून विचारलं.

“संपलं.”

“बरं झालं बाबा. पाठ तरी सुटंल.”

दुसरं काही घ्याल का, म्हणून बाईंनी कामांची यादी पाठवली होती. सुहासने ती वरपासून खालपर्यंत वाचली. कुठलंही काम कुणीही केलं असतं.