नलूचे चिंचोके

नलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या माझ्या मेडिकलमध्ये गिऱ्हाइकाला वाघाची गोष्ट सांगत होतो. वाघ अर्ध्या उडीत तसाच राहिला... माझी हाक आटगावला निघाली की कसाऱ्याच्या घाटावर आपटून परत येते, असा माझा लौकिक. मला गप्प करू शकणारी बाई पृथ्वीवर एकच होती, ती मुरबाडला रक्त तपासायची.

आम्ही दोघं सापगावच्या शाळेतले. तिने लॅब काढली, मी औषधं विकायला बसलो. पांढऱ्या पेशी मोजायचं तिचं यंत्र म्हणजे बटणांची छोटी पेटीच. सूक्ष्मदर्शकात पेशी दिसली की बटण दाबायचं, शंभर भरल्या की टिंग! त्यात कच्च्या तांबड्या पेशींना बटण नव्हतं. म्हणून नलू डावा हात चिंचोक्यांच्या वाटीत ठेवायची. कच्ची तांबडी दिसली की एक चिंचोका बशीत. लॅबचा नियम एकच, घंटी वाजेपर्यंत कोणी बोलायचं नाही. "बाबू, तोंड मिट. तुझ्या आवाजाने स्लाइडवरच्या पेशी पळतात रे!" आता हे खोटं, पण माझ्या खोट्यापेक्षा सरस.

मग माझी नात तन्वी आजारी पडली. पोर हळदीसारखी पिवळी. मोठ्या मशीनच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी इतक्या, की घरात कॅन्सर हा शब्द कोणी उच्चारेना आणि दुसरं काही कोणाला सुचेना. डॉक्टरांनाच रिपोर्टाची शंका आली, म्हणाले, स्लाइड नलूताईंना दाखवा. मी मोटरसायकल अशी उडवली, की मुरबाडला मी आधी पोचलो, धूळ नंतर आली!

नलू डोळा लावून बसली. बटणं सावकाश वाजत होती, चिंचोके मात्र टपटप, टपटप... बशी भरली, टेबलावर सांडली, तरी घंटी नाही. आणि मला बोलायची सोय नाही! टिंग वाजली. नलूने चिंचोके मोजले, दोनशेच्या वर.

"अरे, मशीन फसली!" ती खुर्चीतून उठलीच. "कच्च्या तांबडीच्या पोटात दाणा असतो, तो बघून मशीनने तिलाबी पांढरी धरली. तिनातल्या दोन तर तांबड्याच हायत! आणि उरलेल्या पांढऱ्यांत वाईट काय दिसत नाय. पोरीच्या रक्तातल्या तांबड्या फुटतायत, म्हणून शरीर कच्चा माल धाडतंय. कल्याणच्या मोठ्या दवाखान्यात ने, पण रडत नको नेऊ."

तसंच निघालं. आजार आहे, मधूनमधून रक्त चढवावं लागतं. पण तन्वी आता माझ्याहून मोठ्याने ओरडते, आणि ही अतिशयोक्ती नाही.

परवा तिची तपासणी होती. नलूच्या खुर्चीत तिने शिकवलेली सारिका बसली होती. डावा हात वाटीत, चिंचोके तेच, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले. मी तोंड उघडणार, तोच तन्वीने ओठांवर बोट ठेवलं. "आबा, घंटी!"

चिंचोके पडत राहिले... या वेळी थोडेच. टिंग वाजली. सारिका हसली, तन्वी टाळ्या पिटत बाहेर पळाली. मी मात्र गप्पच बसून होतो, कितीतरी वेळ. शहापुरात माझे सगळे वाघ खरे मानतात. मी गप्प बसलो, हे मात्र कोणी मानत नाही.